शब्दांच्या पोटांतील अक्षरें

‘बुधवार’ ह्या शब्दाचीं शेवटचीं दोन अक्षरें घ्यावीं, आणि तीं ज्या ज्या मराठी शब्दांत जशींच्या तशीं सांपडतात ते शब्द एकाखालीं एक मांडावे. तलवार, परिवार, उमेदवार, हळुवार, गवार, कारवार, वारस, वारकरी अशी यादी पाहतां पाहतां वाढत जाते. पुण्यांत तर सातहि वारांच्या पेठा आहेत. तेव्हां त्यांचीं सात नांवें या यादींत आयतींच पडतात. पाहणाऱ्यास प्रथमदर्शनीं वाटतें कीं, हीं सारीं एकाच घराण्यांतील मंडळी असावी. परंतु थोडी चौकशी केली म्हणजे निराळाच प्रकार आढळून येतो. बुधवारांतील ‘वार’ हा दिवसवाचक संस्कृत शब्द आहे. तलवारीचें मूळ संस्कृत ‘तरवारि’ हें होय. ‘परिवार’ हा शब्द वेढणें या अर्थाच्या धातूपासून निघाला. ‘उमेदवार’ फारशींतून आला आणि ‘वारस’ अरबींतून आला. अक्षरें तींच, पण कुळें पांच!

शब्दांचे खेळ खेळणारास अशा याद्यांची फार आवड असते. अमुक अक्षरें याच क्रमानें कोणकोणत्या शब्दांत येतात, हें ज्यास चटकन् आठवतें तो या खेळांत सहसा हार जात नाहीं. इंग्रजी भाषेंत हा छंद विशेष वाढला आणि तेथून तो आपल्याकडेहि आला. तथापि अक्षरसाम्य दोन प्रकारचें असतें: एक नात्याचें व दुसरें योगायोगाचें. त्यांतील भेद ओळखणें ही विद्या, आणि तो न ओळखतां नुसता अंदाज ठोकून देणें हा जुगार. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु गेल्या शतकांत मुंबई राज्यांत तिच्यावरून कायदे झाले, आणि तिचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयास करावा लागला. तो इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदहि आहे.

अक्षरांशीं खेळणें हें महाराष्ट्राला इंग्रजांनीं शिकविलें असें मात्र नाहीं. गोदावरीच्या परिसरांतील पार्थपूर, म्हणजे हल्लींचें परभणी जिल्ह्यांतील पाथरी, येथें सोळाव्या शतकांत दैवज्ञ सूर्य पंडित होऊन गेला. हा मोठा ज्योतिषी व गणिती असून भास्कराचार्यांच्या लीलावतीवर त्यानें टीका लिहिली आहे. त्याच्या ‘रामकृष्णविलोमकाव्या’ची रचना अशी आहे कीं, श्लोक सुलट वाचला तर रामाची कथा निघते आणि उलट वाचला तर कृष्णाची. पुढें पेशवाईंत बारामतीस मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) रामायणाचीं कितीतरी रूपें रचलीं. त्यांतील निरोष्ठ रामायणांत ओंठांस ओंठ लावून उच्चारावें लागणारें अक्षर त्यांनीं येऊंच दिलें नाहीं. ‘राम’ या नांवांतच ओष्ठ्य ‘म’ आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या प्रतिज्ञेची कठिणता कळेल. मंत्ररामायणांत त्यांनीं रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राचीं अक्षरें क्रमानें गुंफलीं. शब्दांच्या पोटांत अक्षरांची मालिका दडवून ठेवण्याची कला मराठी कवीस अशी फार पूर्वींपासून अवगत होती.

पंडितांचें राहूं द्या. घराघरांतील भेंड्यांचा खेळ हाहि अक्षरांच्या साखळीचाच खेळ आहे. एकानें कविता म्हणावी, तिच्या शेवटच्या अक्षरानें दुसऱ्यानें आरंभ करावा. ‘ळ’ किंवा ‘ण’ यांवर शेवट आला कीं पुढचा पक्ष कुंठित होतो, कारण या अक्षरांनीं आरंभ होणारे शब्द मराठींत जवळजवळ नाहींतच. मग ‘ळ’ऐवजीं ‘ल’ आणि ‘ण’ऐवजीं ‘न’ घेण्याची सवलत मागण्यांत येते. ‘रामाला भाला मारा’ किंवा ‘ती होडी जाडी होती’ हीं उलटसुलट सारखींच वाचतां येणारीं वाक्यें तर मुलांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलीं आहेत.

या सर्व खेळांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ‘रामाला भाला मारा’ हें वाक्य उलटतांना ‘रा’, ‘मा’, ‘ला’ हीं अक्षरें अखंड राहतात. ‘र’ व त्याचा काना यांची फारकत होत नाहीं. म्हणजे मराठी खेळाचा मोहरा अक्षर हा आहे; सुटें व्यंजन वा सुटा स्वर हा नव्हे. ‘नवजीवन’ हा शब्द आपल्या लिपींत उलट वाचला तरी ‘नवजीवन’च राहतो, तोच रोमन लिपींत लिहून उलटला तर त्याचा विचका होतो. इंग्रजी खेळाचा मोहरा याहून लहान, म्हणजे एकेक सुटा वर्ण. हा भेद पुढें महत्त्वाचा ठरणार आहे.

इंग्रजी विद्या पुण्यांत आली ती याच मध्यवस्तींत. पेशव्यांच्या अमदानींतील बुधवारवाड्यांत इंग्रजी राज्यांत शाळा भरूं लागल्या. पुढें १८७९ च्या मे महिन्यांत तो वाडा जळाला. १८४८ सालीं पुण्यांत नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तीच पुढें पुणें नगर वाचन मंदिर या नांवानें बुधवार पेठेंत प्रसिद्ध झाली. त्याच सालीं त्याच पेठेंतील भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा उघडली. हा वाडा २०२३ च्या डिसेंबरांत स्मारकाच्या उभारणीसाठीं पाडण्यांत आला. एकाच पेठेंत, एकाच वर्षीं, एकीकडे ग्रंथांची कपाटें उघडलीं गेलीं आणि दुसरीकडे ज्यांच्या हातीं आजवर पाटी पडली नव्हती अशा मुलींनीं अक्षरें गिरविलीं. अक्षरज्ञान हें मूठभर लोकांचें वतन न राहतां सर्वांच्या पदरीं पडावें, या दिशेनें टाकलेलीं तीं पावलें होतीं.

शब्दकोशांचें कामहि याच काळांत झपाट्यानें पुढें गेलें. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. त्यांचे सहकारी मेजर थॉमस कँडी यांनीं १८४७ सालीं इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. कँडीसाहेबांचें बरेंच आयुष्य पुण्यास संस्कृत पाठशाळेच्या कामांत गेलें, आणि मराठी लेखनांत विरामचिन्हें रूढ होण्यासहि त्यांचा यत्न बऱ्याच अंशीं कारण झाला. या कोशांमुळें मराठी विद्यार्थ्यास एक नवी संवय लागली. ती म्हणजे शब्द त्याच्या पहिल्या अक्षरावरून शोधण्याची.

परंतु कोशाची येथें एक मर्यादा आहे. कोशांतील शब्द तोंडावरून सांपडतो, पोटावरून सांपडत नाहीं. ‘वार’ने आरंभ होणारे शब्द कोशांत एका जागीं मिळतील, पण ज्यांच्या मध्यें किंवा शेवटीं ‘वार’ आहे ते शेंकडों पानांवर विखुरलेले असतात. ते हुडकण्यास सारा कोश चाळावा लागतो, किंवा मग आपली स्मृतीच कोशासारखी भरून ठेवावी लागते. शब्दांच्या खेळांत प्रवीण असलेल्या मनुष्याचें भांडवल हेंच: छापील कोशानें ज्या क्रमानें शब्द लावले नाहींत त्या क्रमानें तो ते मनांत लावून ठेवतो.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलानें ही विद्या खेळ म्हणून नव्हे, तर गरज म्हणून संपादन केली. ‘सी-ए-टी कॅट, आर-ए-टी रॅट’ असा घोष करीत तो समान शेपटीचे शब्द पाठ करी. येथपर्यंत सारें ठीक चाले. पण ‘ओ-यू-जी-एच’ हीं चार अक्षरें आलीं कीं त्याची त्रेधा उडे. याच चार अक्षरांचा उच्चार ‘दो’मध्यें ओ, ‘थ्रू’मध्यें ऊ, ‘टफ’मध्यें अफ, ‘कॉफ’मध्यें ऑफ, आणि झाडाची फांदी या अर्थाच्या ‘बाउ’मध्यें आउ असा होतो. ‘ई-ए-आर’ हीं तीन अक्षरें घेतलीं तरी तीच गत. अस्वल म्हणजे ‘बेअर’. त्यापुढें ‘डी’ लावून दाढी या अर्थाचा शब्द केला तर तो ‘बिअर्ड’. काळीज म्हणजे ‘हार्ट’ आणि पृथ्वी म्हणजे ‘अर्थ’. डोळ्यास दिसणारें साम्य कानास पटत नाहीं.

यांत इंग्रजांचा लहरीपणा आहे असें वाटतें, पण खरें कारण ऐतिहासिक आहे. जुन्या इंग्रजींत ‘जी-एच’ या जोडीच्या ठिकाणीं घशांतून निघणारा, ‘ख’च्या जवळचा एक खरखरीत ध्वनि होता. कालांतरानें तो कांहीं शब्दांत लोपला व कांहीं शब्दांत त्याचा ‘फ’ झाला. इकडे १४७६ सालीं विल्यम कॅक्स्टन यानें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, आणि पुढें छापील पुस्तकांच्या प्रसारानें शब्दांचीं लिखित रूपें हळूहळू कायम होऊं लागलीं. उच्चार मात्र पुढें चालतच राहिले. लेखन थांबलें आणि वाणी वाहत राहिली. त्या दोहोंमधील अंतर आज ‘ओ-यू-जी-एच’मध्यें दिसतें.

गंमत अशी कीं, हें मुकें झालेलें ‘जी-एच’ आपल्या ओळखीचें आहे. कन्या या अर्थाच्या ‘डॉटर’ या शब्दांत तें लिहितात पण उच्चारीत नाहींत. तोच शब्द संस्कृतांत ‘दुहिता’ असा आहे, आणि इंग्रजीनें गमावलेला ध्वनि तेथें ‘ह’च्या रूपानें स्पष्ट ऐकूं येतो. रात्रीचा वाचक ‘नाइट’ व संस्कृत ‘नक्तम्’ यांचेंहि असेंच नातें आहे. इंग्रजींत मुकें झालेलें अक्षर संस्कृतांत ‘क’ म्हणून बोलतें. म्हणजे ‘बुधवार’ व ‘उमेदवार’ यांचीं अक्षरें एक असून नातें नाहीं. उलट ‘डॉटर’ व ‘दुहिता’ यांची लिपीहि एक नाहीं, तरी त्या सख्ख्या बहिणी आहेत. अक्षरसाम्यावरून नातें ठरवूं पाहणारानें हीं दोन उदाहरणें नेहमीं जवळ बाळगावीं.

इंग्रजीच्या या विचित्र लेखनपद्धतीनेंच तिला खेळास योग्य केलें आहे. बदली नटाला ‘अंडरस्टडी’ म्हणतात. त्या शब्दाच्या पोटांत ‘आर, एस, टी, यू’ हीं चार अक्षरें वर्णमालेच्याच क्रमानें लागून येतात. ‘फसीशस’, म्हणजे थट्टेखोर, या शब्दांत इंग्रजीचे पांचहि स्वर आपापल्या क्रमानें हजर असतात. ‘बुककीपर’ या शब्दांत तीन जोड्या एकीला लागून एक अशा येतात. ‘अंडरग्राउंड’ हा शब्द ज्या तीन अक्षरांनीं सुरू होतो त्याच तीन अक्षरांनीं संपतो. रांगेंत उभें राहणें या अर्थाच्या ‘क्यूइंग’ शब्दांत पांच स्वर एका ओळींत बसतात, तर दाराच्या खिटीची दोरी या अर्थाच्या ‘लॅचस्ट्रिंग’मध्यें सहा व्यंजनें एका ओळींत येतात.

अशा भाषेंत शब्दकोड्याचा जन्म झाला यांत नवल नाहीं. मूळचा लिव्हरपूलचा राहणारा आर्थर विन् यानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रांत हिऱ्याच्या आकाराचें पहिलें कोडें छापलें. १९२४ सालीं अमेरिकेंत शब्दकोड्यांचें पहिलें पुस्तक निघालें आणि खेळाची लाट उसळली. लंडनच्या ‘टाइम्स’नें कांहीं काळ नाक मुरडून अखेर १ फेब्रुवारी १९३० रोजीं आपलें पहिलें कोडें प्रसिद्ध केलें. त्याच दशकांत अमेरिकेंत मंदीमुळें काम गमावलेला आल्फ्रेड बट्स हा वास्तुविशारद वर्तमानपत्रांतील अक्षरें मोजीत बसला. कोणतें अक्षर किती वेळां येतें याचा हिशेब करून त्यानें शंभर सोंगट्यांचा खेळ रचला. त्यांत ‘ई’ला बारा सोंगट्या दिल्या, आणि ‘क्यू’ व ‘झेड’ यांना एकेकच देऊन प्रत्येकीचे दहा गुण ठेवले. १९४८ पासून हा खेळ ‘स्क्रॅबल’ या नांवानें ओळखला जातो.

शब्दकोडें जोंपर्यंत फावल्या वेळचा विरंगुळा होतें तोंपर्यंत त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु वर्तमानपत्रांनीं त्यास बक्षिसाची जोड दिली आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेमागें प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. येथें अक्षरसाम्याचें खरें स्वरूप उघड झालें. समजा, चार घरांपैकीं शेवटच्या तीन घरांत ‘ए-एन-डी’ हीं अक्षरें आधींच दिलेलीं आहेत, पहिलें घर रिकामें आहे, आणि सूचना अशी आहे कीं, ‘हें गमावल्यास शूर मनुष्यासहि दुःख होतें’. येथें ‘हँड’, म्हणजे हात, हें उत्तर शोभतें आणि ‘लँड’, म्हणजे जमीन, हेंहि तितकेंच शोभतें. भाषेचें कितीहि ज्ञान असलें तरी या दोहोंत निवड करण्यास त्याचा उपयोग नाहीं. संयोजकाच्या मनांत कोणतें आहे हेंच तेवढें ओळखावयाचें.

आतां हिशेब पाहा. अशीं दुहेरी उत्तरांचीं केवळ दहा घरें एका कोड्यांत असलीं तर त्यांच्या निरनिराळ्या जुळण्या १,०२४ होतात. प्रत्येक पत्रिकेस चार आणे शुल्क धरलें, तर सर्व शक्यता पदरांत पाडून घेण्यास २५६ रुपये भरावे लागतील. प्रत्येक घरास तीन पर्याय असले तर तीच संख्या ५९,०४९ वर जाते. बेताच्या पगाराचा मनुष्य पांचपंचवीस पत्रिका भरी आणि वाटे कीं, आपण इंग्रजीच्या ज्ञानाची परीक्षा देत आहों. वस्तुतः तो सोडतीचें तिकीट विकत घेत होता. दोन मार्कांनीं परीक्षा हुकलेल्या विद्यार्थ्यास जशी पुढच्या वेळेची आशा असते, तशी ‘एकच घर चुकलें’ ही हळहळ त्यास पुन्हां पत्रिका भरावयास लावी. विद्येचा वेष घेतलेलें हें व्यसन म्हणूनच अधिक फसवें होतें. जुगाराच्या अड्ड्यावर पाऊल ठेवण्यास जो लाजला असता, तो कोश पुढें ठेवून बसल्यावर कशास लाजेल?

सरकारचें लक्ष याकडे गेलें. १९४८ सालीं मुंबई प्रांताच्या विधिमंडळानें सोडती व बक्षिसांच्या स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५२ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाहि त्याच्या कक्षेंत आल्या. त्या वेळीं बंगळुरास छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकांत ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ नांवाची स्पर्धा येत असे व तिचे प्रवेशशुल्क भरणारे लोक मुंबई राज्यांतहि होते. संयोजकांनीं या कायद्याविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि तेथें त्यांची सरशी झाली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें.

दरम्यान १९५५ सालीं संसदेनेंहि बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. एका महिन्यांत एकंदर १,००० रुपयांहून अधिक बक्षीस देऊं नये, आणि त्या मर्यादेंतील स्पर्धेसहि २,००० हून अधिक प्रवेशिका घेऊं नयेत, असे निर्बंध त्यांत घातले. या कायद्यांतील व्याख्या शब्दखेळाच्या शौकीनानें मुद्दाम पाहण्यासारखी आहे. अक्षरें, शब्द किंवा अंक यांची रचना, मांडणी, जुळणी किंवा उलटापालट यांवर आधारलेलें कोडें सोडविल्याबद्दल जेथें बक्षीस देऊं केलें जातें ती बक्षीस-स्पर्धा, मग तिला नांव कोणतेंहि असो, असा तिचा आशय आहे. सूर्य पंडितानें व मोरोपंतांनीं ज्या व्यवहारास काव्य मानलें, त्याची व्याख्या विसाव्या शतकांत कायद्याच्या कलमांत करावी लागली!

९ एप्रिल १९५७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोन निकाल दिले. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनीं मुंबई सरकारच्या अपिलांतील निकालपत्र लिहितांना ऋग्वेद, महाभारत व स्मृतिग्रंथ यांत द्यूताची जी निंदा केली आहे तिचा दाखला घेतला, आणि जुगार हा घटनेनें संरक्षण दिलेला व्यापार होऊं शकत नाहीं असा निर्णय दिला. आधीं ठरवून ठेवलेल्या उत्तराशीं जुळलें तरच बक्षीस, आणि त्या उत्तराशीं जुळणें स्पर्धकाच्या कौशल्यावर अवलंबून नाहीं, अशी ती स्पर्धा असल्यामुळें ती जुगारांत जमा झाली. इंग्लंडांतील सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनीं अशाच एका शब्दकोड्याच्या खटल्यांत, स्पर्धक पैसे देऊन दृष्टीआड ठेवलेल्या लक्ष्यावर अंधपणें नेम धरीत आहेत, अशा अर्थाचे उद्गार पूर्वींच काढले होते.

दुसरा निकाल त्याहून सूक्ष्म आहे. संसदेच्या कायद्याचे निर्बंध जुगारवजा स्पर्धांपुरतेच आहेत. ज्या स्पर्धेंत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतें तिला ते लागू नाहींत, असें न्यायालयानें ठरविलें. म्हणजे शब्दकोडें हें स्वतः दोषी ठरलें नाहीं. ज्याचें उत्तर विचारानें एकच निघतें तें कोडें निर्दोष. ज्याचीं दोन उत्तरें सारखींच योग्य असून संयोजकानें त्यांतील एक मुठींत झांकून ठेवलें आहे तें कोडें फसवें. कौशल्य कीं दैव, ही कसोटी त्यानंतर पुष्कळ खटल्यांत पुढें आली. २०२५ सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा केला, त्यांत मात्र हा भेद न ठेवतां कौशल्याच्या व दैवाच्या अशा दोन्ही खेळांस मनाई केली आहे.

आतां मराठी शब्दकोड्याकडे वळूं. वर सांगितलेला मोहऱ्याचा भेद येथें कामास येतो. इंग्रजी कोड्याच्या एका घरांत सव्वीस वर्णांपैकीं एक बसतो. मराठी कोड्याच्या घरांत एक पुरें अक्षर बसतें. चौतीस व्यंजनें व बाराखडीचीं बारा रूपें धरलीं तर जोडाक्षरें सोडूनहि ४०८ अक्षरें होतात. त्यामुळें आडवा व उभा शब्द जेथें एकमेकांस छेदतात तेथें नुसतें व्यंजन जुळून भागत नाहीं. काना, मात्रा, वेलांटीहि जुळावी लागते. ‘वारूळ’ या शब्दांत ‘वार’ आहे असें कानास वाटतें. परंतु घरें मांडून पाहिलीं तर तेथें ‘वा’च्या पुढें ‘र’ नसून ‘रू’ आहे. ‘स्वार’ या शब्दांत तर ‘वार’ डोळ्यांस ढळढळीत दिसतो. पण ‘स्वा’ हें एक जोडाक्षर असल्यामुळें त्याचा ‘वा’ वेगळा काढतांच येत नाहीं. ‘बुधवार’ व ‘उमेदवार’ यांत मात्र तीं दोन घरें जशींच्या तशीं निघतात.

याचा परिणाम असा होतो कीं, मराठी कोडें रचणारास अधिक कष्ट पडतात. लांब शब्द एकमेकांत गुंफणें कठीण, म्हणून दोन, तीन व चार अक्षरी शब्दांवर त्याला पुष्कळ भिस्त ठेवावी लागते. पण सोडविणारास त्यांत एक लाभ आहे. इंग्रजींत एक वर्ण कळला म्हणजे शब्दाचा लहानसा तुकडा हातीं येतो. मराठींत एक अक्षर कळलें म्हणजे व्यंजन व स्वर दोन्ही एकदम हातीं येतात. छेदणारा एखादा शब्द नीट जुळला कीं दुहेरी उत्तराची शंका पुष्कळदां आपोआप नाहींशी होते. मात्र सूचना लिहिणारानें शब्दाचा अर्थ चोख सांगितला पाहिजे; नाहीं तर मराठी कोडेंहि इंग्रजीइतकेंच फसवें होऊं शकतें.

अलीकडे संगणकानें शब्दाचें पोट उघडें केलें आहे. ज्या शब्दांत अमुक तीन अक्षरें लागून येतात ते सारे क्षणार्धांत पडद्यावर उमटतात. जें करण्यास पूर्वीं सारा कोश चाळावा लागे तें काम यंत्र विनातक्रार करतें. त्यामुळें याद्या करण्याच्या विद्येचें पूर्वींचें मोल उतरलें, असें कोणी म्हणेल. पण यंत्रानें दिलेल्या यादींत ‘बुधवार’, ‘परिवार’ व ‘उमेदवार’ हे शेजारीं शेजारीं उभे राहतात. त्यांतील एक दिवसाचें नांव सांगतो, दुसरा गोतावळ्याचें आणि तिसरा फारशींतून चालत आला आहे, हें यादी सांगत नाहीं. तें ज्यानें शब्द वापरले, वाचले व त्यांचीं मुळें शोधलीं त्यालाच ठाऊक असतें.

आज मराठी दैनिकांत शब्दकोडें छापून येतें. तें सोडविण्यास शुल्क पडत नाहीं आणि सोडविल्यावर बहुधा समाधानावांचून दुसरें बक्षीसहि मिळत नाहीं. खेळ पुन्हां खेळाच्या जागीं आला, ही चांगलीच गोष्ट झाली. बुधवार पेठेंत अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पुस्तकांच्या दुकानांत शब्दकोश अजूनहि विकत मिळतात. मुलांच्या हातीं कोडें देणाऱ्या वडील मंडळींनीं त्याबरोबर एक कोशहि द्यावा, आणि उत्तर जुळल्यावर तेवढ्यावरच न थांबतां हा शब्द कोठून आला हेंहि त्यांस विचारावें. घरें भरलीं म्हणजे कोडें संपतें. शब्दाची ओळख मात्र त्यानंतर सुरू होते.